घरातले सगळे बल्ब काढून स्मार्ट बल्ब लावले तर कार्बन खरंच कमी होतो का?

चष्मिष्ट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत बसायचो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

झालं असं की मुलीला शाळेतून घरच्या कार्बन फूटप्रिंटचा हिशोब मांडायला सांगितला होता, तिने विजेचं बिल समोर धरून युनिटला अमुक किलो करत करत जो आकडा काढला तो बघून घरात सगळे गप्पच झाले. तेव्हापासून डोक्यात बसलंय की काहीतरी करायचं, आणि गाडी किंवा एसी असं मोठं काही एकदम जमणारं नाही म्हणून म्हटलं दिव्यांपासून सुरू करू. घरात १४ बल्ब आहेत, सगळे ९ वॉटचे एलईडी, त्यातले पाचसहा तर गेल्याच वर्षी आणलेत. ते सगळे काढून त्यांच्या जागी वायफायवाले स्मार्ट बल्ब लावायचा विचार आहे, फोनवरून बंद होतात, टायमर लागतो, हवे तेवढे मंद करता येतात. दुकानदार म्हणाला दिव्यांची वीज निम्म्यावर येईल. बायकोचं म्हणणं, बटण दाबायला देवाने हात दिलेत की.

तर खरंच निम्म्यावर येते का, आणि येत असेल तर १४ च्या १४ एकदम बदलू की दोन-दोन करत जाऊ? कुणी केलं असेल तर अनुभव सांगा.

तारतम्य
वहिनींशी सहमत. (हलके घ्या.)

आता खरं सांगतो. मी आयुष्यभर वायरिंगची कामं केलीत त्यामुळे दुकानदार काय बोलतात ते मला पाठ आहे. तुमच्याकडे आधीच एलईडी आहेत ना, मग जे मोठं वाचायचं होतं ते तारेचा बल्ब काढला त्या दिवशीच वाचलं. साठचा तारेचा बल्ब साधारण ८०० लुमेन उजेड द्यायचा, तुमचा ९ वॉटचा एलईडीही जवळपास तेवढाच देतो. म्हणजे ६० वरून ९, मधले ५१ वॉट ही छताला टांगलेली शेगडी होती, तारेच्या बल्बात शंभरातले पाचेक भाग उजेड आणि बाकी सगळी उष्णता. आता या उरलेल्या ९ मधून स्मार्ट बल्ब काय काढणार? तोही आतून एलईडीच, तोही ८-९ वॉटच खातो.

वर त्याला एक खोड असते, तो कधी झोपत नाही. फोनवरून हाक मारली की ओ द्यायची म्हणजे आतला वायफायचा तुकडा चोवीस तास जागा पाहिजे. अर्धा वॉट धरा, चांगले असतात ते ०.२-०.३ वर राहतात आणि टाकाऊ असतात ते एकच्याही पुढे जातात. अर्धा वॉट गुणिले २४ गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला ४.३८ युनिट, बल्ब एकदाही न लावता. तेवढ्याच विजेवर तुमचा साधा ९ वॉटचा बल्ब ४८६ तास जळतो, म्हणजे वर्षभर रोज एक तास वीस मिनिटं.

म्हणून बाथरूम, माळा, अडगळीची खोली असल्या ठिकाणी, जिथे दिवा दिवसाला जेमतेम अर्धा तास लागतो, तिथे स्मार्ट बल्ब लावलात तर तो नुसता जागं राहण्यातच दिवा लावण्याच्या अडीचपट वीज खाईल. आणि हॉलमध्ये सहा तास लागत असेल तर स्मार्ट बल्बमुळे रोज निदान एक तास वीस मिनिटं दिवा लवकर बंद व्हायला पाहिजे तेव्हा कुठे हिशोब शून्यावर येतो. ज्या घरात दिवे उगाच जळत पडतात तिथे होईलही तसं, पण तुमच्याकडे बटणावर पहारा आहे, तिथे कशाला होतंय.

आणि धडधाकट चालणारा बल्ब काढून फेकू नका हो. मरू दे त्याला, मग बदला.

गीझरद्वेष्टा
+१ तारतम्य, आणि एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की दिव्यांच्या मागे लागणं हेच मुळात आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट जातं. त्या एका युनिटवर ९ वॉटचा बल्ब १११ तास चालतो. एकशेअकरा! रोज संध्याकाळी चार तास लावला तरी महिना भागला. गीझर पाच मिनिटं आधी बंद करा आणि मग घरभर दिवाळी करा, मी काही बोलणार नाही.

रिमोटराव
वरच्या दोन्ही प्रतिसादांत आकडे बरोबर आहेत पण माणूस गायब आहे. माझ्याकडे ११ स्मार्ट बल्ब आणि एक हब (बल्बांना राउटरशी जोडणारं छोटं खोकं) आहे, दोन वर्षं वापरतोय. माझ्या घरात दोन मुलं आणि एक मी, तिघेही दिवा लावतात आणि निघून जातात, आमच्याकडे पहारा वगैरे प्रकार नाही. रात्री अकराला सगळं आपोआप बंद होतं, सकाळी शाळेची बस गेली की परत एकदा सगळं बंद होतं, आणि हॉलचे दिवे संध्याकाळी साधारण ४० टक्क्यांवर असतात. एलईडी मंद केला की वीजही त्याच मापात उतरते, जुन्या काळच्या रेग्युलेटरसारखी उरलेली वीज खोक्यात गरम होत बसत नाही. तेव्हा सगळ्यांना सरसकट तोटा असं म्हणू नका.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. आम्ही पाच दिवस गावाला गेलो होतो, पहिल्याच रात्री लाइट गेली आणि आली. आणि हे बल्ब असे बनवलेले असतात की वीज गेली आणि परत आली की फुल ब्राइटनेसवर चालू व्हायचं, कारण कंपनी धरून चालते की कुणीतरी भिंतीवरचं बटण दाबलंय. अकराच्या अकरा लागले. इंटरनेट परत आलंच नव्हतं त्यामुळे फोनवरून काही करता येईना, रात्री अकराचं आपोआप बंद होणं पण इंटरनेटवरूनच चालतं हे तेव्हा कळलं. शेजारच्यांचा फोन, अहो तुम्ही आलात का. पाच दिवस घर लग्नघरासारखं झगमगत होतं. अॅपमध्ये आत खोल कुठेतरी एक सेटिंग असतं, वीज आल्यावर काय करायचं, तिथे आधी होतं तसंच राहा असं टाका. ते मी आल्यावर शोधलं.

अजून एक, घरी पाहुणे आले की भिंतीवरचं बटण बंद करतात आणि मग बल्ब फोनला सापडत नाही. आईने तर सरळ सांगितलंय, मला असला दिवा नको ज्याला विचारून लावावा लागतो.

मीटरवाचक
रिमोटराव, तुमचे ११ बल्ब आणि हब मिळून जागेपणी किती खातात हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजा ना, काही विकत घ्यायची गरज नाही. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो बघा, त्याच्या शेजारी किती लुकलुकींना एक युनिट ते छापलेलं असतं, माझ्या मीटरवर ३२०० आहे. रात्री फ्रिज, टीव्ही, चार्जर सगळ्याच्या पिना काढा, दिवे फोनवरूनच बंद करा (भिंतीवरून नको) आणि दहा मिनिटं मोजा. दहा मिनिटांतल्या लुकलुकी गुणिले सहा भागिले ३२०० केलं की किलोवॉट येतात. प्लगमध्ये लावायची छोटी मीटरं मिळतात पण एका वॉटच्या खाली त्यातली बरीचशी काहीही दाखवतात.

आणि चष्मिष्ट, तुम्हाला एक विचारायचंय. १४ बल्ब ९ वॉटचे हे झालं, पण घरात दुसरं काय काय उजेड देतं? ट्यूब? रात्रीचा झिरोचा? बाहेर, जिन्यात, गच्चीवर, गेटपाशी? आणि प्रत्येक दिवा रोज अंदाजे किती तास? वॉट सगळे सांगतात, तास कुणीच सांगत नाही, आणि सगळी गंमत तासांत असते.

रिमोटराव
मोजलं. मुलांना पण बसवलं मीटरसमोर टॉर्च घेऊन. दहा मिनिटांत ८ लुकलुकी, माझाही मीटर ३२०० चाच. म्हणजे १५ वॉट. मग राउटर बंद केला आणि परत मोजलं तर ४. म्हणजे बल्ब आणि हब मिळून साडेसात वॉट, वर्षाचे ६५-६६ युनिट, नुसतं काही न करता. एवढं असेल असं वाटलं नव्हतं. बाथरूमचे दोन आणि पॅसेजमधला एक काढतोय आजच.

छतछप्पर
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमची चूक वेगळी आहे तीही लिहून ठेवतो. आधी हॉलमध्ये एकच ट्यूब होती चोकवाली, चोक धरून ५० वॉटच्या आसपास. मग फॉल्स सीलिंग केलं आणि त्यात १२ वॉटचे १६ गोल दिवे आणि कडेने पट्टीचा उजेड. एलईडी आहे हो, कितीसं घेतंय, असं सगळे म्हणाले आणि आम्हीही म्हणालो. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट, पट्टी वेगळी. ट्यूबच्या चौपट! आणि ते सगळे एकाच बटणावर, पेपर वाचायचा असला तरी १६ लागतात. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय की इंजिन कमी कोळसा खायला लागलं की एकूण कोळसा कमी जळत नाही, उलट इंजिनं वाढतात. आमच्या छतात त्याचं स्मारक आहे. आता वायरमनला बोलावून चार-चारचे गट पाडून घेणार आहे.

चष्मिष्ट
अरे बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

मीटरवाचक, तुमच्या प्रश्नावर रात्री घरभर वही घेऊन फिरलो, मुलगी पण होती बरोबर. तर १४ बल्ब, सरासरी दोन-दोन तास धरा, काही जास्त काही अगदीच कमी. स्वयंपाकघरात एक जुनी जाडी ट्यूब आहे, चोक-स्टार्टरवाली, सहा तास तरी. आईच्या खोलीत झिरोचा बल्ब, रात्री आठ तास. आणि हो, मागच्या अंगणात भिंतीवर एक हॅलोजन आहे, घर घेतलं तेव्हापासूनचा आहे, तो दिवेलागणीला लावतो आणि सकाळी उठल्यावर बंद करतो, म्हणजे बारा तास. तो बल्बात धरला नव्हता मी कारण तो सुरक्षेसाठी आहे. त्याच्यावर १५० लिहिलंय.

मीटरवाचक
सापडला!!

बघा आता. तुमचे १४ बल्ब दोन-दोन तास म्हणजे १४ × ९ × २ × ३६५, वर्षाला ९२ युनिट. सगळे मिळून. आणि अंगणातला एकटा बाबा १५० × १२ × ३६५ म्हणजे ६५७ युनिट. सात पट. तुम्ही त्या ९२ मधले निम्मे वाचवायला निघाला होतात आणि तिकडे भिंतीवर रात्रभर हा जळतोय, रिकाम्या अंगणासाठी.

ट्यूब चोक धरून ५० वॉट, सहा तास, ११० युनिट. झिरोचा म्हणजे शून्य नव्हे बरं का, नाव झिरो आणि जुना तारेचा असेल तर १० ते १५ वॉट घेतो, १५ धरला तर वर्षाला ४४ युनिट, म्हणजे तुमच्या १४ बल्बांच्या जवळजवळ निम्मे. त्याच्या जागी अर्ध्या वॉटचा एलईडी लावलात तर दीड युनिट.

मुलीने युनिटला किती किलो धरलं होतं? नुसत्या कोळशाची वीज असेल तर एका युनिटमागे एक किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड, गॅसची असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास, पाण्याची, वाऱ्याची, अणूची असेल तर अगदीच थोडा. मिश्र पण कोळसा जास्त असलेल्या विजेला ०.७ धरला तर ठीक आहे. त्या हिशोबाने हॅलोजन एकटाच वर्षाला ४६० किलो.

चष्मिष्ट
तिने ०.७ च धरलं होतं. आता मला म्हणते, बाबा मी दिवे मोजत होते तेव्हा तुम्ही मागचं दार उघडूच दिलं नाहीत, डास येतील म्हणून.

हॅलोजन काढतोच. पण बाहेर रात्री पूर्ण अंधार नको, आई मागच्या दाराने जाते कधीकधी. काय लावू?

अंधारयात्री
सेन्सर. पण कुठला ते नीट बघून घ्या, यात माझं शिक्षण झालंय.

दोन प्रकार मिळतात. एक पीआयआर, तो शरीराची उष्णता हलली की ओळखतो, त्याला काचेपलीकडचं किंवा भिंतीपलीकडचं दिसत नाही. दुसरा मायक्रोवेव्ह किंवा रडारवाला, तो जास्त तिखट, पातळ भिंत आणि दारापलीकडचं पण बघतो. मी जिन्यात दुसरा लावला आणि शेजारच्या घरात कुणी उठलं की आमचा जिना उजळायचा. अंगणाला पीआयआरच बरा.

आणि संडासात मात्र पीआयआर लावू नका, किंवा लावलाच तर वेळ मोठी ठेवा. माणूस स्थिर बसला की त्याला वाटतं गेला. मी पेपर घेऊन बसलोय आणि दर दीड मिनिटाला अंधार, मग हात वर करून वाहतूक पोलिसासारखे हातवारे. घरचे बाहेरून विचारायचे काय चाललंय.

आत खोल्यांसाठी मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे लावायचा आपण हाताने आणि बंद होतो तो स्वतः. आपोआप लागणारा दिवा दिवसाउजेडी नुसतं तिकडून गेलात तरी लागतो, भरपूर वेळा नको असताना. हाताने लावायचा असला की गरज असेल तरच लागतो, आणि विसरण्याचं काम फक्त यंत्राकडे.

तारतम्य
अंधारयात्रींशी सहमत. चष्मिष्ट, अंगणाला २० वॉटचा एलईडी फ्लड पीआयआरसकट घ्या. १५० चा हॅलोजन साधारण २४०० लुमेनच्या आसपास देतो, २० वॉटचा एलईडी २००० च्या घरात, आणि तुम्हाला खरं तर एवढाही नको. रात्रीतून सगळा मिळून तासभर लागला तर २० वॉटतास, सेन्सर स्वतः अर्धा वॉट चोवीस तास खाईल ते १२, बत्तीस वॉटतास रोज, वर्षाला १२ युनिट. ६५७ चे १२. आता इथे सेन्सरचं ते चोवीस तास जागं राहणं वसूल झालं की नाही? वस्तू तीच, अर्धा वॉट तोच, बाथरूममध्ये तोट्यात आणि अंगणात फायद्यात.

ट्यूबच्या जागी २० वॉटची एलईडी बॅटन लावा, पट्टीसकट. जुन्या पट्टीत नुसती एलईडी ट्यूब खोचायची असेल तर चोकचं काय करायचं ते ट्यूबच्या खोक्यावर नीट वाचा किंवा वायरमनला करू द्या, चुकीच्या प्रकारची खोचली की फेज भलतीकडे जातो. आणि जुनी ट्यूब फोडू नका, कचऱ्यात नेऊन टाकू नका, तिच्यात पारा असतो. सीएफएलमध्येही असतो. घरात फुटलीच तर खिडक्या उघडा, थोडा वेळ बाहेर थांबा, व्हॅक्यूम फिरवू नका, जाड कागदाने गोळा करून डब्यात बंद करा.

शंकासूर
दोन भाबड्या शंका. एक, आमच्याकडे असं मानतात की ट्यूब सारखी बंद-चालू करू नये, लावताना जास्त वीज जाते, त्यापेक्षा पंधरा मिनिटांसाठी जाणार असलो तर चालूच ठेवावी. हे एलईडीला लागू आहे का? दोन, आमच्या बेडरूमचा एलईडी बंद केल्यावरही भुतासारखा मिणमिणत राहतो. तो वीज खातो का?

तारतम्य
पहिली समजूत ट्यूबच्या बाबतीतही अर्धीच खरी होती. सारखी बंद-चालू केली की ट्यूबचं आयुष्य कमी होतं हे खरं, सीएफएलचं तर फारच, पण लावताना वीज जास्त जाते ती सेकंदाच्या आत संपते, पंधरा मिनिटं चालू ठेवून ती भरून निघत नाही. एलईडीला यातलं काहीच नाही. खोलीतून बाहेर पडताय, बंद करा.

दुसरं, तुमच्या बटणात लाल इंडिकेटर आहे का बघा. त्या इंडिकेटरमधून अगदी थोडा करंट बल्बाकडे झिरपतो, तारेच्या बल्बाला तो कळायचाही नाही पण एलईडी एवढा हळवा की तेवढ्यावर मिणमिणतो. खातो नगण्य. पण इंडिकेटर नसेल तर मात्र वायरिंग तपासून घ्या, बरेचदा बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आणलेला असतो, म्हणजे बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज हजर. हा विजेच्या बिलाचा प्रश्न नाही, बल्ब बदलताना झटका बसायचा प्रश्न आहे.

खिडकीपाशी
सगळे वॉटांत बोलतायत म्हणून थोडं वेगळं. आमच्या बैठकीत छताला काचेचा मोठा वाडगा आहे, त्यात दोन बल्ब. मला सारखं वाटायचं उजेड कमी पडतोय, तिसरा बसवून घेऊ का. एक दिवस शिडीवर चढून वाडगा उतरवला तर तळाशी बोटभर मेलेले किडे, पंखांचा थर, आणि काच चहाच्या रंगाची. साबणाने धुतला, कोरडा करून लावला, आणि तिसरा बल्ब राहिलाच, दुसराही काढला. आता एकावर भागतं.

दुसरं म्हणजे वाचायला छताचा दिवा कशाला लागतो. उजेडाचं गणित असं आहे की लहान दिव्यापासून अंतर निम्मं केलं की पुस्तकावर उजेड चौपट पडतो. दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला तर सोळापट. चार वॉटचा टेबललँप पुस्तकाजवळ ठेवला की छताच्या तीन बल्बांपेक्षा डोळ्यांना बरं वाटतं. भिंतीचा रंगही बघा, पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला बराचसा परत खोलीत टाकते, गडद भिंत गिळून टाकते. आम्ही हौसेने एक भिंत गडद निळी केली होती, त्या कोपऱ्यात दुपारी तीनला दिवा लागायचा. आणि टेबल खिडकीला काटकोनात ठेवा, फुकटचा उजेड आहे तो.

गीझरद्वेष्टा
मी वर जरा जास्तच बोललो, मागे घेतो. हॅलोजन म्हणजे दिव्याचं कातडं पांघरलेला गीझरच निघाला.

शिवाय एक गोष्ट माझ्याकडून सुटली होती. दिवे लागतात संध्याकाळी आणि रात्री, नेमका सूर्य नसताना. दुपारचं एक युनिट आणि रात्री आठचं एक युनिट कार्बनच्या दृष्टीने सारखं नाही, दुपारी ग्रिडमध्ये सौर वीज असते, रात्री आठला सगळ्यांचे दिवे, टीव्ही एकदम लागतात तेव्हा ती मागणी बरेचदा कोळसा आणि गॅसवरच भागवली जाते, मोठ्या बॅटऱ्या अजून सगळीकडे नाहीत. त्यामुळे संध्याकाळी वाचवलेलं युनिट थोडं जास्त मोलाचं. गीझरचा मुद्दा मात्र कायम आहे.

रिमोटराव
बरं माझा एक प्रश्न. बल्बांवर २५००० तास लिहितात, म्हणजे रोज पाच तास धरले तरी तेरा वर्षं. माझा एक साधा एलईडी दीड वर्षात गेला. मग सगळा कार्बनचा हिशोब फुकट नाही का, बनवतानाचा कार्बन परत परत?

तारतम्य
एलईडीचा दाणा सहसा मरत नाही, त्याला मारतात. बल्बाची पांढरी टोपी काढून बघा, आत पत्र्याच्या चकतीवर पिवळे चौकोनी दाणे ओळीने दिसतील. त्यातल्या एकावर मधोमध काळा ठिपका असेल. ते दाणे एकामागे एक माळेत जोडलेले असतात, एक गेला की पूर्ण बल्ब अंधार. कमी दाण्यांत जास्त उजेड काढायला कंपन्या त्यांच्यातून जास्त करंट ढकलतात, ते तापतात आणि जातात. नाहीतर खाली बुडात ड्रायव्हर असतो, म्हणजे दाण्यांना हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात, हवा न खेळणाऱ्या फिटिंगमध्ये एलईडी लवकर जातो. तुमचा कुठे होता?

(टोपी काढून बघा म्हणालो ते मेलेल्या, होल्डरमधून काढलेल्या बल्बाची. चालू बल्बाच्या चकतीला हात लावू नका, स्वस्त ड्रायव्हरमध्ये मेन लाइनचा करंट थेट तिथपर्यंत आलेला असतो.)

बनवतानाच्या कार्बनचं म्हणाल तर बल्बाच्या पूर्ण आयुष्यात वापरलेल्या विजेचाच वाटा सगळ्यात मोठा असतो, बनवतानाचा त्यामानाने लहान. म्हणून तारेचा किंवा हॅलोजन चालू असला तरी आजच्या आज काढावा आणि एलईडी असेल तर मरेपर्यंत वापरावा. विकत घेताना वॉट बघू नका, लुमेन भागिले वॉट करा. शंभरच्या वर येत असेल तर बरा, साठसत्तर येत असेल तर खाली ठेवा.

रिमोटराव
बंद गोळ्यातच होता :(

चष्मिष्ट
तीन आठवड्यांनी अपडेट द्यायला आलोय.

हॅलोजन गेला. उतरवताना भिंतीवर त्याच्यामागे तळहाताएवढा काळा डाग निघाला, एवढी वर्षं भिंत भाजत होती. जागी २० चा एलईडी, पीआयआर. ट्यूबची पट्टी बदलली. आईचा झिरो बदलला, तिला आधी पटेना, म्हणाली हा फार पांढरा आहे, मग पिवळ्या उजेडाचा आणून दिला तेव्हा झोपली. १४ बल्ब आहेत तिथेच आहेत. एक स्मार्ट बल्ब घेतला तो मुलीच्या खोलीत, कारण रात्री दिवा तसाच ठेवून झोपण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, आणि वीज आल्यावरचं ते सेटिंग पहिल्याच दिवशी केलं. मीटर आता मीच नाही तर ती पण मोजते, वहीत तारखा टाकून.

एकच भानगड आहे. अंगणातला दिवा मध्यरात्री दहा-बारा वेळा लागतो, खिडकीतून बघितलं तर मांजर. आणि परवा भर दुपारी लागला होता, तेव्हा तर मांजरही नव्हतं.

तारतम्य
सेन्सरच्या बुडाशी तीन बारीक चकत्या असतील, स्क्रूड्रायव्हरने फिरतात. एकावर सूर्य-चंद्राचं चित्र असेल ती चंद्राकडे फिरवा, तुमची सूर्यावर राहिलीय म्हणून दुपारी लागतो. दुपारची उन्हाने तापलेली हलणारी फांदी पण त्याला माणूस वाटते, समोर झाड असेल तर छाटा. वेळेची चकती एका मिनिटावर आणा, तिसरी सेन्सिटिव्हिटी, ती थोडी कमी करा.

मांजरासाठी सेन्सरचं डोळं थोडं वर करा, म्हणजे गुडघ्याच्या खालचं त्याला दिसणार नाही. वर होत नसेल तर त्या पांढऱ्या घुमटाच्या खालच्या भागावर काळी इन्सुलेशन टेप लावा, एका वेळी अर्धा बोट, आणि आईंना एकदा चालत जायला सांगून तपासा. मांजर भिंतीवरून येत असेल तर मात्र काही इलाज नाही.

चष्मिष्ट
भिंतीवरूनच येतं.